गोळीचे खरे नाव
ताप आला की आपण मेडिकलमध्ये जाऊन औषध मागत नाही, नाव मागतो: क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो. तिन्हींतला घटक एकच, पॅरासिटामॉल. फार तर मात्रा वेगळी, 500 किंवा 650 मिलिग्रॅम. हे औषध एकोणिसाव्या शतकातले, त्यावर आज कोणाचेही पेटंट नाही. त्यामुळे ‘ब्रँडेड म्हणजे अस्सल आणि जेनेरिक म्हणजे नक्कल’ ही वाटणी इथे लागूच पडत नाही. सगळ्या गोळ्या जेनेरिकच आहेत. काहींचे नाव जाहिरातींनी घरोघरी पोचवले, एवढेच. स्ट्रिपवर ‘आयपी’ छापलेले असेल, तर ती गोळी भारतीय औषधकोशाच्या कसोटीला बांधलेली असते. लेबलवर लिहिलेल्या पॅरासिटामॉलच्या 95 ते 105 टक्के इतके औषध तिच्यात असावेच लागते, मग ती नामांकित कंपनीची असो की जनऔषधी केंद्रातली. अमेरिकेतल्या खरेदीच्या नोंदी तपासणाऱ्या 2015 च्या एका अभ्यासात दिसले, की डोकेदुखीची गोळी घेताना तिथले फार्मासिस्ट 91 टक्के वेळा दुकानाची स्वस्त गोळी उचलतात. सामान्य गिऱ्हाइकांत हे प्रमाण 74 टक्के होते.

पैशांची बचत हा मुद्दा आहेच, पण मला त्याहून मोठी वाटते ती सुरक्षितता. अंग दुखते म्हणून कॉम्बिफ्लाम, ताप आहे म्हणून डोलो-650 आणि नाक वाहते म्हणून सर्दीची एखादी गोळी, असे घरोघरी चालते. नावे तीन असल्याने औषधेही तीन आहेत असे वाटते. पण कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनबरोबर 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, डोलोत 650 आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांत 500. एका वेळचे झाले 1475 मिलिग्रॅम. दिवसातून तीनदा घेतले तर 4425. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4000 मिलिग्रॅम आहे आणि ती ओलांडली की भार यकृतावर पडतो. ब्रँडचे नाव ही बेरीज लपवते, घटकाचे नाव ती उघड करते. म्हणून तर 2018 च्या नियमाने एका घटकाच्या औषधावर त्याचे मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापणे सक्तीचे केले. लहान मुलांच्या औषधात तर आणखी जपावे लागते: पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असू शकते, तर सिरपमध्ये पाच मिलिलिटरला 125.

स्वस्त औषधाच्या दर्जाचे काय, ही शंका रास्त आहे. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला निकृष्ट ठरलेल्या नमुन्यांची यादी काढते. त्या यादीत बिननावाची औषधे असतात, तशी नामांकित लेबलाचीही असतात. 2025 मध्ये छिंदवाड्यात मुलांचे जीव घेणाऱ्या खोकल्याच्या विषारी औषधाला ‘कोल्ड्रिफ’ हे ब्रँडनाव होतेच. दर्जा टिकतो तो कारखान्याच्या आणि प्रत्येक बॅचच्या कडक तपासणीने. सरकारकडे मागायची ती हीच. ‘मला तीच गोळी लागू पडते’ हा अनुभवही खोटा नाही. ब्रिटनमध्ये 835 स्त्रियांवर झालेल्या 1981 च्या अभ्यासात ओळखीच्या ब्रँडच्या वेष्टनातली औषधहीन गोळीसुद्धा साध्या वेष्टनातल्या तशाच गोळीपेक्षा जास्त आराम देत होती. विश्वासाचा हा गुण ज्याला हवा त्याने त्याचे पैसे जरूर मोजावेत, पण ते कशाचे आहेत हे ओळखून. थायरॉइड किंवा फिट्सच्या औषधांची गोष्ट निराळी. तिथे मात्रेतला थोडा फरकही जाणवतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये.

आणखी एक सावधगिरी. काउंटरवर ‘जेनेरिक’ म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांवर छापील किंमत ब्रँडइतकीच असते आणि मधला नफा दुकानदाराकडे जातो. तेव्हा पुढच्या वेळी ‘पॅरासिटामॉल 500’ असे घटकाच्या नावानेच मागा, एका गोळीची किंमत काढा आणि घरातल्या बाकीच्या स्ट्रिपवर तेच नाव आहे का, हे पाहूनच गोळी घ्या.