काचेचे जलचर, काचेची फुले

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाट एकदा नीट पाहा. बरणीतला खेकडा किंवा विंचू वर्षानुवर्षे आपला आकार टिकवून असतो. पण जेलीफिश तशीच ठेवली, तर तिचा रंग उडतो आणि उरतो फिकट, आकसलेला गोळा! मग असे मऊ शरीराचे प्राणी लोकांना दाखवायचे कसे? एकोणिसाव्या शतकातील संग्रहालयांची ही अडचण सोडवली एका काच-कारागिराने.

लिओपोल्ड ब्लाश्का यांचा जन्म १८२२ साली बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात झाला. घराण्याचा धंदाच काचेचा. ते दागिने व कृत्रिम डोळे बनवीत. १८५३ साली अमेरिकेला जाताना वारा पडला आणि त्यांचे शिडाचे जहाज दोन आठवडे भर समुद्रात अडकून पडले. इतर प्रवासी कंटाळले असतील. लिओपोल्ड मात्र पाण्यातल्या पारदर्शक जेलीफिशची चित्रे काढीत बसले. पुढे १८६३ मध्ये त्यांनी ड्रेस्डेनच्या संग्रहालयासाठी काचेची समुद्रफुले घडवली. नंतर मुलगा रुडॉल्फही हाताशी आला आणि दोघांचे हजारो जलचर देशोदेशी गेले.

साधने म्हणाल, तर दिवा, पायाने चालवायचा भाता आणि चिमटे! तुम्हीही काचनळी तापवून वाकवली असेल. बर्फाला असतो तसा काचेला ठराविक द्रवणांक नसतो. ती हळूहळू मऊ होत जाते आणि त्या मधल्या अवस्थेत ओढता, फुंकता, चिमटता येते. सारी करामत त्या थोड्या क्षणांची. निवताना एक भाग आधी आकसला, की तडा गेलाच!

वाळवलेली झाडे चपटी व बेरंग होतात, म्हणून हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रा. गुडेल यांना काचेची फुले हवी होती. नमुन्यादाखल पाठवलेली फुले न्यूयॉर्कच्या जकात तपासणीत मोडली, पण त्या तुकड्यांनीही पाहणारे थक्क झाले. मेरी ली वेअर आणि त्यांच्या आईने पैसा दिला. १८८७ ते १९३६ या काळात ७८० जातींचे सुमारे ४३०० नमुने तयार झाले. १८९५ मध्ये लिओपोल्ड वारले. पुढचे सारे काम रुडॉल्फ यांनी एकट्याने केले. बुरशीने सडलेली फळेसुद्धा त्यांनी काचेत उतरवली! त्यांना ना मूलबाळ होते, ना शिष्य.

अलीकडे कॉर्नेल विद्यापीठाच्या जीवशास्त्रज्ञ ड्र्यू हार्वेल यांनी तेथील काचेच्या जलचरांचे जिवंत भाईबंद शोधण्यासाठी समुद्रात बुड्या मारल्या. काही सहज सापडले. काहींना शोधणे आता फार कठीण झाले आहे.