ड्यूरा-यूरोपसचे गृहचर्च
पूर्व सीरियातील प्राचीन ख्रिस्ती प्रार्थनामंदिर. युफ्रेटीस नदीच्या पश्चिम तीरावरील ड्यूरा-यूरोपस या रोमन लष्करी ठाण्यात, पश्चिम तटालगत ते होते. मुळात हा चौकाभोवती खोल्या असलेला खाजगी वाडा. त्याच्या गिलाव्यावरील कोरीव लेखात इ. स. 232–33 शी जुळणारे वर्ष आढळते. सु. 240 च्या सुमारास त्याचे चर्चमध्ये रूपांतर झाले. ख्रिस्ती धर्माला तेव्हा राजमान्यता नव्हती. बाहेरून वाड्याचे रूप कायम राहिले. फेरफार झाले ते आत. दक्षिणेकडील दोन खोल्यांमधील भिंत काढून सभागृह करण्यात आले व त्याच्या पूर्व टोकाला ओटा बांधण्यात आला. वायव्येच्या खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड असून त्यावर स्तंभांनी पेललेले छत्र होते. तेथील भित्तिचित्रांत उत्तम मेंढपाळ, पक्षाघाती रुग्णाला बरे करणारा येशू व थडग्याकडे निघालेल्या स्त्रिया हे विषय आढळतात. येशूच्या उपलब्ध चित्रणांपैकी ही अत्यंत प्राचीन होत.

सु. 256 मध्ये ससानियन फौजांच्या आक्रमणाला तोंड देण्यासाठी रोमन सैन्याने तटालगतच्या इमारती मातीने भरून काढल्या. शहर पडले व ओस झाले. मात्र या भरावामुळेच चित्रे टिकली. येल विद्यापीठ व फ्रेंच अकादमी यांच्या संयुक्त उत्खननात 1932 मध्ये ही वास्तू उजेडात आली. भित्तिचित्रे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलावीथीत नेण्यात आली. सीरियात 2011 मध्ये सुरू झालेल्या यादवी युद्धाच्या काळात मूळ स्थळाची लुटारूंनी मोठी नासधूस केली. भव्य बॅसिलिका उभारल्या जाण्यापूर्वी ख्रिस्ती उपासना राहत्या घरांतून कशी चाले, याचा हा दुर्मिळ वास्तुपुरावा होय.