वचन आणि वर्तन

ख्रिस्ती कुटुंबात बायबल असतेच. ते रोज उघडले जाते का, हा पहिला प्रश्न. आणि सकाळी वाचलेले दिवसभराच्या व्यवहारात उतरते का, हा दुसरा व अधिक अवघड प्रश्न.

बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. प्रोटेस्टंट परंपरेत त्यात ६६, तर कॅथलिक परंपरेत ७३ पुस्तके आहेत. इतिहास, नियमशास्त्र, काव्य, संदेष्ट्यांची वाणी, शुभवर्तमाने आणि पत्रे असे त्याचे विविध स्वरूप आहे. पहिल्या पानापासून सलग वाचू लागणारा वाचक बहुधा लेवीयच्या विधिनियमांत अडखळतो. त्यामुळे नवख्याने मार्ककृत शुभवर्तमानापासून आरंभ करणे इष्ट. चार शुभवर्तमानांपैकी ते सर्वांत लहान, अवघ्या १६ अध्यायांचे आहे. संपूर्ण नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस रोज एक अध्याय वाचल्यास तो वर्षभरात पूर्ण होतो.

मात्र वाचन म्हणजे केवळ पाने उलटणे नव्हे. बाराव्या शतकातील गीगो दुसरा या मठवासी लेखकाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत. ही पद्धत आजही प्रचलित आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सर्व श्रद्धावंतांना शास्त्राच्या वारंवार वाचनाचे आवाहन केले.

अभ्यासात संदर्भाचे भान सुटता कामा नये. ख्रिस्ताच्या सामर्थ्याने सर्व काही शक्य आहे, या आशयाचे पौलाचे वचन परीक्षेतील वा धंद्यातील यशाची हमी म्हणून सर्रास वापरले जाते. प्रत्यक्षात बंदिवासातून लिहिलेल्या त्या पत्रात पौल विपुलता व टंचाई या दोन्ही अवस्थांत समाधानी राहण्याविषयी बोलतो आहे. मागचीपुढची चार वचने वाचली की अर्थ कसा पालटतो, हे यावरून ध्यानात यावे.

याकोबाच्या पत्रात नुसते ऐकणाऱ्याची तुलना आरशात चेहरा पाहून तो लगेच विसरणाऱ्या माणसाशी केली आहे. शास्त्राच्या अपेक्षाही अगदी रोजच्या आहेत. गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी. वजनमापे खरी असावीत. वेदीवर अर्पण करण्यापूर्वी दुखावलेल्या बांधवाशी समेट करावा. घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार रखडवणाऱ्याने कितीही अध्याय वाचले, तरी त्याचे वाचन अपुरेच म्हणावे लागेल.

अभ्यास आणि आचरण यांचा मेळ महाराष्ट्राने पंडिता रमाबाईंच्या रूपाने पाहिला आहे. दुष्काळात निराधार झालेल्या मुली व विधवांना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आश्रय दिला. सामान्य स्त्रीलाही समजावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबल सोप्या मराठीत आणले. मुक्ती सदनातील स्त्रियाच छपाईचे काम करीत. १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका हाती शब्दकोश आणि दुसऱ्या हाती अनाथांची सेवा, अशी ही साधना होती.

प्रत्येकाला एवढे मोठे कार्य साधणार नाही. तथापि रोज पंधरा मिनिटे शांतपणे वाचावे, त्यातील एक गोष्ट मनाशी धरावी आणि रात्री निजण्यापूर्वी ती आपल्या हातून घडली का, हे स्वतःस प्रामाणिकपणे विचारावे. इतके कोणासही शक्य आहे.