पोवळ्याला जीव असतो

लखनौत तेलीबागेला राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे म्हटलं, की समोरचा हमखास विचारतो : इथे समुद्र कुठे आहे? गोमतीच्या काठी प्रवाळाचा विषय निघावा हे चमत्कारिक वाटतं खरं. पण १९८३ साली अलाहाबादेत सुरू होऊन पुढे लखनौला आलेली ही संस्था नदीतल्या माशांइतकीच समुद्रातल्या माशांचीही आहे. तिचे शास्त्रज्ञ लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर प्रवाळात राहणाऱ्या शोभिवंत कोळंब्यांची पैदास करतात, आणि ती पिल्लं वाढवण्याचं काम बेटावरच्या बायका शिकल्या आहेत.

प्रवाळ म्हणजे दगड, हा सगळ्यात जुना गैरसमज. अंगठीतल्या पोवळ्यामुळे तो पक्का झाला. ते लाल पोवळं बहुतेक भूमध्य समुद्रातलं. त्याच्या जातीचा प्राणी प्रवाळभिंत बांधत नाही. भिंत बांधणारे ते वेगळे. तांदळाच्या दाण्याएवढे प्राणी शेकडोंनी एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर रचतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं. ते उन्हात अन्न तयार करतं, त्यावर यजमान जगतो. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखादा अंश जरी जास्त तापलं, तरी हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. पांढरा पडला म्हणजे मेला, असंही लोक धरून चालतात. तसं नाही. तो उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर सावरतो.

‘महाराष्ट्रात प्रवाळ नाहीत, त्यासाठी अंदमानलाच जावं लागतं’ हेही चूक. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहेत, आणि १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य झालं ते २९.१२ चौरस किलोमीटरचं. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे. तिथेही प्रवाळ आहेत. मात्र मालवणला चित्रातलं निळंशार पाणी मिळेल अशी अपेक्षा धरू नये. तिथे गाळ असतो. थंडीत, पाणी जरा निवळल्यावर गेलं तर बरं दिसतं. पावसाळ्यात डुबकी बंदच.

‘पायाखाली खडक आहे, उभं राहिलं तर काय बिघडतं?’ पाण्यात घाबरलेला माणूस आधार शोधतो, हे मला समजतं. पण मोठे गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. एका टाचेखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते. तुकडा उचलून घरी आणणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

आता प्रवाळातल्या माशाकडे : निमो, म्हणजे विदूषक मासा. काचेच्या टाकीतला हा मासा समुद्रातूनच पकडून आणावा लागतो, असं बहुतेकांना वाटतं, आणि अनेकदा ते खरंही असतं. पण हा मासा बंदिस्त पाण्यात वाढवता येतो. लखनौच्या याच संस्थेच्या मदतीने नवी मुंबईत ऐरोलीला, कांदळवन कक्षाच्या केंद्रात, त्याची पैदास होते. नर-मादीची जोडी खापरीवर किंवा टाइलवर अंडी घालते. राखण नर करतो. तो पंखांनी सतत पाणी हलवतो, तोंडाने घाण काढतो, बुरशी धरलेलं अंडं खाऊन टाकतो. आधी केशरी दिसणारी अंडी हळूहळू रुपेरी होतात, कारण आत पिल्लांचे डोळे तयार झालेले असतात. आठवड्याभराने अंधार पडल्यावर ती फुटतात. जन्मतः एकही पिल्लू मादी नसतं. मोठेपणी जोडीतली मादी गेली, तर तिचा नर स्वतःच मादी होतो, आणि गटातला पुढचा मासा राखणीला उभा राहतो.