छोटा हत्ती की मोठी पिकअप? आधी क्रेट मोजा

मैत्रिणींनो, गटाचा व्यवसाय थोडा वाढला की एक विषय बैठकीत येतोच येतो. आपली स्वतःची गाडी. भाड्याच्या गाडीवाल्याची वाट बघून कंटाळा आलेला असतो, बाजारात माल उशिरा पोचला की भाव पडलेला असतो, आणि वर तो भाडंही वाढवून मागतो. मग कोणीतरी म्हणतं, बाई, आपलीच घेऊ ना एक गाडी! आणि तिथून भांडण सुरू होतं, छोटी की मोठी.

आमच्या ग्रामसंघातही हेच झालं. अर्ध्या जणी म्हणाल्या छोटा हत्ती बास झाला. बाकीच्या म्हणाल्या, घ्यायचीच तर बोलेरो पिकअपसारखी दणकट घ्या, रोज रोज घेणार आहोत का? दोन बैठका यातच गेल्या. दोन्हीकडच्या बाया मोठ्याने बोलत होत्या, पण आपला माल नेमका किती निघतो ते एकीलाही सांगता येईना. म्हणून हा लेख.

आधी गाड्यांची ओळख करून घेऊ. छोटा हत्ती म्हणजे टाटा एस. ही गाडी २००५ मध्ये आली आणि खेड्यापाड्यात तीनचाकी टेम्पोच्या जागी बसली. मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो, पण साधारण पाऊण टन, म्हणजे ७५० किलोच्या आसपास माल तिने न्यावा असा कंपनीचा हिशेब आहे. हौदा सात फूट लांब, पाच फुटाला थोडा कमी रुंद. मोठ्या पिकअपमध्ये आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसते ती महिंद्राची बोलेरो पिकअप. तिची मॉडेलं १.३ टनापासून १.७ टनापर्यंत आहेत, काही त्याहून वरची. लांब मॉडेलचा हौदा नऊ फुटांचा. या दोन्हींच्या मधे अशोक लेलँडची दोस्त, टाटाची इंट्रा अशा गाड्या आहेत. त्यांची आणखी वेगळी मॉडेलं. नावावर जाऊ नका. ज्या मॉडेलची किंमत विचारताय, त्याच मॉडेलचा पासिंगचा माल किती ते विचारा आणि लिहून घ्या.

आता टोमॅटोचं उदाहरण घेऊ. नारायणगावला किंवा पिंपळगाव बसवंतला टोमॅटो वीस किलोच्या क्रेटवर विकला जातो. क्रेटचं स्वतःचं वजन धरून २२ किलो. छोट्या हत्तीत एका थराला साधारण १६ क्रेट बसतात. दोन थर म्हणजे ३२ क्रेट, वजन ७०४ किलो. बरोबर! पण हौद्यात तिसऱ्या थराला जागा दिसते ना, तिथेच मोह होतो. तिसरा थर लावला की वजन हजार किलोच्या पुढे गेलं. मोठ्या पिकअपमध्ये एका थराला २० क्रेट धरा. तीन थर म्हणजे ६० क्रेट, वजन १,३२० किलो. दीड टनाच्या मॉडेलला हे आरामात चालतं, १.३ टनाच्या मॉडेलला मात्र थोडं जास्तच होतं. मॉडेल का विचारायचं ते इथे कळतं.

पालेभाजीचं गणित उलटं. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या वजनाला हलक्या पण जागा खातात. पापड, कुरडया, शेवया तर त्याहून हलक्या. अशा मालाला वजनापेक्षा हौद्याची लांबी जास्त महत्त्वाची. आणि कांद्याच्या पन्नास किलोच्या गोण्या असतील तर छोट्या हत्तीत पंधरा गोण्यांतच माल संपला, हौदा अर्धा रिकामा दिसला तरी!

आता पैशाचं बोलू. पुढचे सगळे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्याकडचे घालून तुमचा हिशेब पुन्हा करा. बाजार ४० किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन ८०. डिझेल ९० रुपये लिटर. छोटी गाडी लिटरला १८ किलोमीटर, मोठी १२ किलोमीटर देते असं धरू. म्हणजे एका फेरीला छोटीला ४०० रुपयांचं डिझेल, मोठीला ६०० रुपयांचं.

बँकेचा हप्ता बघा. ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी एक लाख कर्ज घेतलं तर महिन्याला साधारण २,१७५ रुपये हप्ता येतो. हा आकडा लक्षात ठेवा, कितीही लाखांना गुणता येतो. छोट्या गाडीला पाच लाख कर्ज धरलं तर १०,८७५. मोठीला नऊ लाख धरलं तर १९,५७५. ड्रायव्हरचा पगार दोन्हीकडे सारखाच, १२,००० धरू. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांसाठी महिन्याला बाजूला काढायचे छोटीला ३,५०० आणि मोठीला ५,०००.

महिन्याला वीस फेऱ्या झाल्या तर सगळं मिळून छोटीची एक फेरी पडते १,७१९ रुपयांना आणि मोठीची २,४२९ रुपयांना. आता क्रेटला भागा. छोटी ३२ क्रेट भरून गेली तर क्रेटला ५४ रुपये. मोठी ६० क्रेट भरून गेली तर क्रेटला साडेचाळीस रुपये. बघा, मोठी स्वस्त पडली! पण तीच मोठी गाडी ३२ क्रेट घेऊन गेली तर क्रेटला ७६ रुपये. रिकामा हौदा पण डिझेल पितो, बाई.

मग मोठी गाडी परवडायला किमान किती क्रेट पाहिजेत? आमच्या आकड्यांत उत्तर येतं ४५. एखाद्या दिवशी नाही, सरासरी प्रत्येक फेरीला.

आणि वीस फेऱ्या तरी कुठल्या! टोमॅटो बारा महिने निघत नाही, हप्ता मात्र बारा महिने निघतो. महिन्याला बाराच फेऱ्या पडल्या तर छोटी भरून गेली तरी क्रेटला ८१ रुपये पडतात, मोठी भरून गेली तरी ६१. आता तुमचा नेहमीचा भाड्याचा टेम्पोवाला क्रेटला ३५-४० रुपये घेत असेल तर? तर दोन्ही गाड्या तोट्यात. मला माहीत आहे, हे ऐकून काही जणींना वाईट वाटेल. आमच्या बैठकीतही शांतता पसरली होती. एक काकू म्हणाल्या, "म्हणजे तो आपल्याला लुटत नव्हता तर!" तो उशिरा येतो, तो प्रश्न आहेच. पण उशिराचा इलाज म्हणून पाच वर्षांचं कर्ज घ्यायचं, की हंगामापुरता करार करून दोन गाडीवाले बांधून ठेवायचे, हे आधी ठरवा.

हिशेब बदलतो तो परतीच्या भाड्याने. बाजारातून येताना खत, पशुखाद्य, किराणा दुकानांचा माल आणायला मिळाला तर गाडी दोन्ही बाजूंनी कमावते. माझं स्वतःचं मत, परतीचा माल पक्का असल्याशिवाय मोठ्या गाडीचा विषयही काढू नये. आणि दुसऱ्याच्या मालाचं भाडं मारायला गावात छोट्या गाडीला गिऱ्हाईक जास्त, कारण पाच-दहा गोण्या न्यायला कोणी मोठी पिकअप बोलवत नाही.

पैशाइतकाच रस्ता महत्त्वाचा. डिझेल छोट्या हत्तीचं जुनं इंजिन सातशे सीसीचं, दोनच सिलिंडरचं. बोलेरो पिकअपचं अडीच हजार सीसीचं. सपाटीवर फरक जाणवत नाही. घाट असेल, किंवा शेतातून डांबरीपर्यंत पावसाळ्यात चिखल तुडवत यायचं असेल, तर छोट्या गाडीची बारकी चाकं रुततात आणि चढाला दम लागतो. उलट बाजारपेठेची बोळ, वाडीतला अरुंद रस्ता असेल तर छोटी गाडी जागच्या जागी वळल्यासारखी वळते. गाडी घेण्याआधी चाचणीला रिकामी फिरवून आणू नका. तुमच्याच गावच्या चढावर, माल भरून चालवून बघा. विकणारा कुरकुर करेल. करू दे.

सीएनजीची गाडी डिझेलपेक्षा स्वस्त पडते, पण पंप तुमच्या रोजच्या रस्त्यावर असेल तरच. रांगेत तास गेला तर भाजी सुकते.

कागदांचं थोडं. मालासकट एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवाना लागत नाही. छोटा हत्ती यात सहज बसतो. मोठ्या पिकअपची काही मॉडेलं बसतात, काही नाही, म्हणून आरसीवर लिहिलेलं एकूण वजन बघा. नव्या मालगाडीला फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावा लागतो. लायसनबद्दल मात्र चांगली बातमी आहे. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला हलक्या मोटारीचं साधं लायसन चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. म्हणजे गटातली एखादी ताई गाडी शिकली तर छोटी काय, मोठी पिकअपही चालवू शकते. ड्रायव्हरचे बारा हजार तिच्या घरात जातील.

गाडी कोणाच्या नावावर? आपला बचत गट नोंदणीकृत संस्था नसतो, म्हणून बऱ्याचदा गाडी एका सभासदाच्या नावावर निघते. आणि मग दीराच्या मुलाच्या लग्नाला गाडी, पाहुण्यांना सोडायला गाडी, हप्ता मात्र गटाचा! ग्रामसंघ किंवा उत्पादक कंपनी नोंदणीकृत असेल तर तिच्याच नावावर घ्या. नसेल तर ठराव, करारपत्र आणि गाडीत एक लॉगबुक. किती किलोमीटर, कोणाचा माल, किती डिझेल, रोजच्या रोज. किल्ली कोणाकडे राहणार तेही ठरावात लिहा.

आता जे सांगायला मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ठरलेल्यापेक्षा जास्त माल भरून पकडलं गेलं तर दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. छोट्या गाडीचे जवळजवळ दोन हप्ते एका नाक्यावर गेले. पण दंड भरून निघेल. आपण बाया बाजाराला, लग्नाला, मेळाव्याला हौद्यात बसून जातो, मालावर बसून येतो, त्याचं काय? मालगाडीत मालासोबत केबिनमध्ये बसलेल्या मालकाला किंवा त्याच्या माणसाला विम्याचा आधार असतो. हौद्यात बसलेल्या वीस बायांना तो धरता येत नाही. गाडी उलटली तर भरपाईसाठी त्यांच्या घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि गाडी गटाची असेल तर ती भरपाई गटाच्याच अंगावर येऊ शकते. म्हणून गाडी छोटी घ्या नाहीतर मोठी, पहिल्या दिवशीच ठराव करा की हौद्यात माणूस बसणार नाही. मेळाव्याला जायचं तर एसटी किंवा प्रवासी गाडी.

आमचं काय ठरलं विचाराल. अजून काही नाही. तीन महिने वही ठेवायची ठरली, कोणाचे किती क्रेट, कुठल्या दिवशी, भाडं किती, परतीला काय आणता आलं असतं. आता सातवा आठवडा चालू आहे. ४५ क्रेटच्या वर गेलेले दिवस आत्तापर्यंत नऊ भरलेत. मोठ्या गाडीवाल्या बाया रोज सकाळी वही उघडून बघतात.