इमारतीचाही केसपेपर हवा

जुलै २०१९ची गोष्ट. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात मुलांसाठी बांधलेले नवे रुग्णालय तयार होते. १८९५पासून वापरात असलेल्या जुन्या इमारतीतून रुग्ण आणि साहित्य हलवण्याचे वेळापत्रक ठरले होते. ९ जुलैला स्थलांतर सुरू व्हायचे होते. ४ जुलैला स्कॉटलंडच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्री जीन फ्रीमन यांनी ते थांबवले. भिंती, छत, वीज, पाणी सगळे जागेवर होते. अडचण होती ती हवेची.

अतिदक्षता विभागातील काही खोल्यांमध्ये ताशी दहा वेळा हवा बदलली जावी, असे तिथल्या आरोग्य खात्याचे मार्गदर्शन सांगते. प्रत्यक्षात यंत्रणा बसवली होती ती ताशी चार वेळा हवा बदलणारी. जून महिन्यात स्वतंत्र तपासनिसांनी हवा मोजली, तेव्हा हे उघड झाले. रुग्णालय पूर्णपणे सुरू व्हायला मार्च २०२१ उजाडला. दरम्यान ज्या इमारतीत मुलांना दाखल करता येत नव्हते, तिच्यापोटी आरोग्य मंडळ दरमहा सुमारे १४ लाख पौंड मोजत होते. पुढे या प्रकरणाची सार्वजनिक चौकशीही नेमली गेली.

चार आणि दहा यांतला फरक

चार काय आणि दहा काय, असे वाटू शकेल. खोली १०० घनमीटरची असेल तर ताशी दहा बदल म्हणजे तासाला १,००० घनमीटर स्वच्छ हवा आत यायला हवी. रुग्ण खोकतो, नळीतून कफ ओढून काढला जातो, चादरी बदलल्या जातात, तेव्हा सूक्ष्म कण हवेत तरंगतात. ते किती वेळात निघून जातील हे हवा किती वेळा बदलते यावर ठरते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार हवा नीट मिसळते असे धरले, तर ९९ टक्के कण निघून जायला ताशी दहा बदलांच्या खोलीत २८ मिनिटे लागतात. ताशी चार बदल असतील तर ६९ मिनिटे.

प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या मुलासाठी ही ४१ मिनिटे महत्त्वाची असतात. प्रतिजैविके, हात धुणे, हातमोजे हे सगळे पाळूनही खोलीची हवाच अपुरी असेल, तर संसर्ग टाळण्याच्या प्रयत्नांत एक खिंडार राहते. रुग्णाला ते दिसत नाही. परिचारिकेलाही दिसत नाही. ते छतावरच्या पत्र्याच्या वाहिनीत आणि पंख्याच्या क्षमतेत दडलेले असते.

चूक कुठे झाली?

चूक शोधत गेल्यावर ती सापडली एका तक्त्यात. प्रत्येक खोलीचे तापमान किती, प्रकाश किती, हवा किती, हे लिहिलेला हा तक्ता संगणकावरच्या साध्या स्प्रेडशीटमध्ये होता. स्वतंत्र तपासणीत असे दिसले, की चूक २०१२च्या आवृत्तीपासून होती. त्याच दस्तऐवजाच्या मार्गदर्शक टिपेत अतिदक्षता विभागासाठी दहाचा आकडा होता आणि खोलीसमोरच्या रकान्यात चारचा. २०१५मध्ये करार झाला, बांधकाम झाले, यंत्रे बसली, अनेक बैठका झाल्या. तो चार सात वर्षे कागदावरून कागदावर सरकत राहिला. मधल्या काळात तो पकडण्याच्या संधी आल्या होत्या आणि निसटल्या, असेही तपासणीत म्हटले आहे.

रुग्णालयात काम करणाऱ्यांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. रुग्णाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे हे केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहिलेले असते आणि औषधांच्या तक्त्यावर नसते. प्रत्येक जण आपल्या हातातला कागद बरोबर आहे असे धरून पुढे जातो. वैद्यकशास्त्राने यावर उपाय म्हणून नोंदींची शिस्त आणली. बांधकाम क्षेत्रात ही शिस्त आणण्याचा मोठा प्रयत्न ब्रिटनने केला. त्याचे नाव ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, थोडक्यात ‘बिम’.

चित्र नव्हे, नोंदवही

बिम म्हटले की संगणकाच्या पडद्यावर गोल फिरणारी इमारत डोळ्यांसमोर येते. ते तर त्यात असतेच. पण महत्त्वाची असते ती त्या चित्रामागची माहिती. नेहमीच्या नकाशात दरवाजा म्हणजे दोन रेषा. बिममध्ये तो ‘दरवाजा’ म्हणून ओळखला जातो. त्याची रुंदी, तो किती वेळ आग थोपवू शकतो, कोणी बनवला, कधी बसवला, तपासणी कधी करायची, हे त्याला जोडलेले असते. नकाशात त्याची जागा बदलली की यादीत, अंदाजपत्रकात आणि बाजूच्या छेदचित्रातही बदल होतो.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतील वास्तुविद्येचे प्राध्यापक चार्ल्स ईस्टमन यांनी १९७०च्या दशकातच इमारतीचे असे वर्णन संगणकात साठवण्याचा आराखडा मांडला होता. तेव्हाचे संगणक त्याला पुरे पडत नव्हते.

याचा सगळ्यांत लवकर कळणारा फायदा म्हणजे टक्कर आधीच दिसणे. वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनीअर, वीज आणि वातानुकूलनवाले आपापले आराखडे वेगवेगळे करतात. हवेची वाहिनी जिथून न्यायची तिथेच तुळई आलेली असते. हे एरवी साइटवर कळते. मग वाहिनी दाबली जाते, वळवली जाते आणि खोलीत पोहोचणारी हवा कमी होते. सगळ्यांचे आराखडे संगणकावर एकत्र ठेवले की ही टक्कर वीट लावण्याआधी सापडते.

सरकारने अट घातली

मे २०११मध्ये ब्रिटिश सरकारने बांधकामविषयक धोरण जाहीर केले. त्यात म्हटले होते, की २०१६पर्यंत केंद्र सरकारच्या प्रकल्पांत सर्व संबंधितांनी एकत्रितपणे बिम वापरलेच पाहिजे. त्या धोरणानुसार देशातल्या बांधकामापैकी मूल्याने सुमारे ४० टक्के काम सार्वजनिक क्षेत्राचे होते. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकानेच अट घातली, की बाजार हलतो. खर्च २० टक्क्यांपर्यंत कमी करणे हा त्या धोरणाचा मुख्य हेतू होता. रुग्णसुरक्षा तेव्हा अग्रभागी नव्हती.

एप्रिल २०१६पासून अट लागू झाली. प्रत्येकाने आपले त्रिमितीय मॉडेल करायचे आणि सर्वांना वाचता येईल अशा ठरावीक स्वरूपात माहिती द्यायची, ही अपेक्षा होती. स्कॉटलंडने आपल्याकडे असाच नियम एप्रिल २०१७पासून आणला. एडिनबराच्या रुग्णालयाचा करार त्याआधीचा. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मानकांवरून पुढे २०१८मध्ये ‘आयएसओ १९६५०’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले.

ब्रिटनमधल्या एका नियमित पाहणीत २०११ साली १३ टक्के प्रतिसादकांनी बिम वापरत असल्याचे सांगितले. २०२० साली हे प्रमाण ७३ टक्के झाले. नऊ वर्षांतला हा बदल मोठा आहे. मात्र असा आकडा वाचताना उत्तरे कोणी दिली हे विचारायचे असते. प्रश्नावली भरून पाठवणाऱ्यांत या विषयाची आवड असणारे आणि आराखडे करणारे व्यावसायिक अधिक असतात. चार-पाच माणसांची टोळी घेऊन प्लंबिंग किंवा वायरिंग करणारा ठेकेदार त्यात क्वचितच असतो. इमारतीत नळ आणि तारा तर तोच बसवतो. त्याच्यासाठी सॉफ्टवेअरचा खर्च, प्रशिक्षण आणि वेळ हे अडथळे आहेत. जिथे कामाची साखळी तुटते, तिथेच माहितीही तुटते.

ग्रेनफेलनंतर

१४ जून २०१७च्या पहाटे लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली निवासी इमारतीला आग लागली आणि ७२ माणसे दगावली. आदल्याच वर्षी तिचे नूतनीकरण पूर्ण झाले होते. बाहेरून लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या पोटात पेट घेणारे पॉलिथिलीन होते आणि त्यातून आग वर चढत गेली.

या दुर्घटनेनंतर इमारतींच्या नियमांचा फेरआढावा घेण्याचे काम रसायन अभियंता डेम ज्युडिथ हॅकिट यांच्याकडे दिले गेले. मे २०१८मधल्या त्यांच्या अंतिम अहवालात एक साधी गोष्ट ठासून सांगितली आहे. इमारत कशी बांधली, त्यात काय वापरले, नंतर काय बदलले, याची अखंड डिजिटल नोंद असली पाहिजे आणि जबाबदार माणसाला ती हव्या त्या वेळी मिळाली पाहिजे. या नोंदीला त्यांनी ‘सोन्याचा धागा’ म्हटले. २०२२च्या इमारत सुरक्षा कायद्याने इंग्लंडमध्ये किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली निवासी इमारतींना अशी नोंद ठेवणे बंधनकारक केले. आराखडा आणि बांधकामाच्या टप्प्यावर तेवढ्याच उंचीची रुग्णालये आणि शुश्रूषागृहेही या कायद्याच्या कक्षेत येतात.

खर्च वाचवण्यासाठी आणलेले साधन अशा रीतीने जीव वाचवण्याच्या चर्चेत आले.

यंत्राला चूक कळत नाही

इथे एक सावधगिरी हवी. बिम वापरले असते तर एडिनबराची चूक झालीच नसती, असे म्हणता येणार नाही. चुकीचा चार त्रिमितीय मॉडेलमध्ये भरला, तर तो तिथेही चारच राहतो आणि देखण्या चित्रामुळे अधिक विश्वासार्ह वाटतो. प्रयोगशाळेचा अहवाल छापील आला म्हणून रक्ताचा नमुना त्याच रुग्णाचा होता असे ठरत नाही.

फरक पडतो तो तीन ठिकाणी. एक, आकडा एकाच जागी राहतो, त्यामुळे टिपेत दहा आणि रकान्यात चार अशी विसंगती लपायला जागा कमी उरते. दोन, तो कोणी आणि कधी बदलला हे दिसते. तीन, ‘अतिदक्षता’ असे नाव असलेली प्रत्येक खोली दहाच्या निकषाला उतरते का, हे संगणकाला तपासायला सांगता येते. पण ते सांगावे लागते. निकष दहाचा आहे हे सांगणारा माणूस लागतो आणि तो बहुधा रुग्णालयाचा असतो.

ब्रिटनच्या पद्धतीत म्हणूनच काम सुरू होण्यापूर्वी मालकाने आपल्याला कोणती माहिती हवी ते लेखी द्यायचे असते. रुग्णालयाच्या बाबतीत मालक म्हणजे फक्त लेखा विभाग नव्हे. भूलतज्ज्ञ, संसर्ग नियंत्रण पाहणारी परिचारिका, ऑक्सिजन सांभाळणारा तंत्रज्ञ यांनी त्या यादीवर नजर टाकायला हवी. आराखड्याच्या बैठकीला डॉक्टर हजर असतात, मान डोलावतात आणि सही करतात. खोलीची हवा ताशी किती वेळा बदलणार, हे त्यांनी विचारले तर सहीला अर्थ येतो.

आपल्या दारात

महाराष्ट्राला हे तंत्र परके नाही. नागपूर मेट्रोच्या उभारणीत वेळ आणि खर्च जोडलेले ‘फाइव्ह-डी बिम’ वापरले गेले. मेट्रोच्या खांबांना जी नोंद मिळते, ती वॉर्डाच्या भिंतींनाही मिळायला हवी.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. डिजिटल नोंद असती तर हे टळले असते, असा दावा कोणी करू नये. पण अशा प्रसंगी पहिल्या काही मिनिटांत जे प्रश्न विचारले जातात, ते इमारतीच्या माहितीचेच असतात. या वॉर्डाचा ऑक्सिजन कोणत्या व्हॉल्व्हने बंद होतो? तो बंद केला तर आणखी कोणते वॉर्ड बंद पडतील? या खोलीची वीज कोणत्या पॅनलवरून येते? दुसरा जिना कुठे उतरतो, आणि त्याचे दार आज उघडे आहे का?

जुन्या रुग्णालयांत या प्रश्नांची उत्तरे अनेकदा एखाद्या जुन्या वायरमनच्या किंवा प्लंबरच्या डोक्यात असतात. तो निवृत्त झाला की ती माहितीही त्याच्याबरोबर घरी जाते. मूळ नकाशे कपाटात असतात आणि त्यानंतर वाढवलेले वॉर्ड, फिरवलेल्या नळ्या, बंद केलेल्या खिडक्या त्यात नसतात.

सॉफ्टवेअर येईपर्यंत थांबायची गरज नाही. प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर त्याच्या ऑक्सिजन व्हॉल्व्हची आणि वीज पॅनलची जागा लिहिता येते. दुरुस्ती झाली की त्याच दिवशी तारीख घालून नकाशात बदल करता येतो. अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह यांची हवा वर्षातून एकदा यंत्राने मोजून घेता येते. नवी इमारत ताब्यात घेताना चाव्यांच्या जुडग्याबरोबर, ती प्रत्यक्षात जशी बांधली तशी पूर्ण माहिती मागता येते आणि ती मिळेपर्यंत शेवटचा हप्ता रोखण्याची अट करारात घालता येते.

रुग्ण घरी जाताना त्याला डिस्चार्ज कार्ड मिळते. काय झाले होते, काय केले, पुढे काय जपायचे, हे त्यावर असते. पन्नास वर्षे हजारो रुग्णांना अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या इमारतीला निदान तेवढा कागद मिळायला हवा.