प्रोस्टेट कर्करोग : ग्रंथी वाचते, तपासण्या सुटत नाहीत

पणजी : प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असते. तिला लागूनच लैंगिक क्षमतेशी निगडित मज्जातंतू जातात आणि तिच्या खाली लघवी रोखून धरणारा स्नायू असतो. त्यामुळे संपूर्ण ग्रंथी काढली किंवा तिच्यावर किरणोपचार केले, की कर्करोग आटोक्यात आला तरी या शेजाऱ्यांना झळ बसू शकते. लघवी नकळत गळणे आणि लैंगिक दुर्बलता या तक्रारी पुरुष सहसा घरीही बोलून दाखवत नाहीत.

ही झळ कमी व्हावी म्हणून ‘फोकल थेरपी’, अर्थात गाठीपुरता उपचार, पुढे आला. एमआरआय व बायॉप्सीने गाठीची जागा निश्चित करून तेवढाच भाग ध्वनिलहरींच्या उष्णतेने (हायफू), अतिशीत करून किंवा विजेच्या स्पंदांनी नष्ट केला जातो.

ब्रिटनमध्ये हायफू घेतलेल्या ६२५ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर ९८ टक्के रुग्णांत रोग अन्यत्र पसरलेला नव्हता. ८८ टक्के रुग्णांना शस्त्रक्रिया, किरणोपचार वा संप्रेरक उपचारांची गरज पडली नव्हती. प्रश्नावली भरून देणाऱ्यांपैकी ९८ टक्क्यांना लघवी गळण्यासाठी पॅड वापरावे लागत नव्हते. आकडे दिलासादायक खरे. पण त्यात एक मेख आहे. हायफू पुन्हा करावा लागला, तर ते अपयश मानलेले नाही. पुढे २०२२ साली १,३७९ रुग्णांची माहिती आली, तेव्हा सात वर्षांनंतरच्या यशाचे प्रमाण ६९ टक्के निघाले.

मुळात प्रत्येक गाठीला उपचार हवाच असेही नाही. ब्रिटनमधीलच ‘प्रोटेक्ट’ चाचणीत १,६४३ पुरुषांचे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केवळ देखरेख असे तीन गट केले होते. १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत या कर्करोगाने झालेले मृत्यू तीन टक्क्यांच्या आसपासच होते. रोग पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात जवळजवळ दुप्पट होते. म्हणूनच अगदी सौम्य रोगात देखरेख पुरेशी ठरू शकते. गाठीपुरत्या उपचाराचा विचार प्रामुख्याने मध्यम जोखमीच्या, एकाच बाजूला सीमित गाठीसाठी होतो.

पेडणे किंवा डिचोलीतून बांबोळीच्या गोमेकॉत खेपा घालणाऱ्या रुग्णाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर रक्तातील पीएसए जवळजवळ शून्यावर येते आणि ते वाढले की धोका लगेच कळतो. गाठीपुरत्या उपचारात उरलेली ग्रंथी पीएसए निर्माण करतच राहते. त्यामुळे केवळ रक्ततपासणीवर विसंबता येत नाही. एमआरआय व बायॉप्सी पुन्हा करावीच लागते, तीही वर्षानुवर्षे. प्रवास, खर्च आणि सोबतीला येणाऱ्या मुलाची बुडणारी रोजंदारी हाही या उपचाराचाच भाग आहे. उपचार निवडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे : गाठ एकच आहे का, तिची श्रेणी कोणती, पुढील तपासण्या कुठे व किती काळ, आणि रोग उलटला तर पुढचा मार्ग कोणता?